गजूने न पाहिलेले सिनेमे

गजू गेल्याचं कळलं तेव्हा मला सगळ्यात आधी सुटल्यासारखं वाटलं. हे मी आजवर कोणालाही सांगितलेलं नाही, बायकोलाही नाही. सकाळी त्याचा मुलगा दारात येऊन उभा राहिला आणि म्हणाला, "काका, बाबा गेले... झोपेतच." मी त्या पोराचे दोन्ही हात धरले, "अरे अरे, असं कसं," म्हणालो, डोळ्यांत पाणीही आलं. पण तेच हात धरलेले असताना आतून कोणीतरी म्हणत होतं, चला, आता आपल्याला विचारणारा कोणी राहिला नाही. पाणी खरं होतं आणि हेही खरं होतं.

तेराव्याला घमापूरच्या त्याच्या दोन खोल्यांत माणूस मावेना. फॅक्टरीतले लोक, गल्लीतले लोक, पाटनहून भाजी घेऊन येणारा एक म्हातारा, असे कोण कोण. जो तो गजूचं काहीतरी सांगत होता. मी भिंतीला टेकून बसलो होतो आणि आपल्या वेळेला यातले किती येतील असा विचार करत होतो. मेलेल्या माणसाचाही मला हेवा वाटत होता. तो हेवा नवा नव्हता. पंचवीसेक वर्षं जुना होता आणि त्या दिवशीही ताजा होता.

गजानन, म्हणजे आमचा गजू, आणि मी एकाच वर्षी लष्कराचा माल बनवणाऱ्या फॅक्टरीत लागलो. दोघांचेही वडील नागपूरकडून नोकरीसाठी जबलपूरला आलेले, दोघांचीही घरं घमापूरला. तो लेथ मशीनवर, मी इन्स्पेक्शनमध्ये. तयार झालेल्या मालाला गेज लावून माप बघायचं आणि पास की नापास ते सांगायचं, हे माझं काम. स्वभावही तसाच. बोलायचं कमी, बोललो तर नेमकं. गजूचं उलट. तो साधं "आज डब्यात वांगं आहे" म्हणाला तरी माणसं मान वर करायची.

मी सांगतोय ते पाकिस्तानशी लढाई झाली त्या दिवसांचं. लढाईच्या आधीचे कित्येक महिने फॅक्टरी दिवसरात्र चालू होती. ओव्हरटाइम असा की घरी फक्त झोपायला जायचं. आठवड्याची सुट्टी सगळ्यांना एका दिवशी मिळत नसे, पाळीपाळीने मिळे. पुढे ब्लॅकआउट सुरू झाला आणि संध्याकाळचे खेळ बंद झाले, राहिला तो दुपारचा मॅटिनी. आम्ही सगळे सिनेमाचे वेडे. मग आमच्या टोळीत आपोआप एक पद्धत पडली. ज्याची सुट्टी असेल त्याने सिनेमा पाहायचा आणि दुसऱ्या दिवशी डब्याच्या सुट्टीत कँटीनमागच्या कडुनिंबाखाली बसून बाकीच्यांना तो सांगायचा. अख्खा. सांगणाऱ्याला डबा खायला वेळ मिळत नसे म्हणून इतरांनी आपल्या डब्यातला एकेक घास त्याच्यासाठी काढून ठेवायचा. आणि एक नियम अगदी कडक होता. ऐकणाऱ्यांपैकी कोणी तो सिनेमा आधी पाहिला असला तरी मधे एक अक्षर बोलायचं नाही. जे काय मत द्यायचं ते सांगून संपल्यावर. मत आण्यांत दिलं जाई. सोळा आणे म्हणजे डोळे मिटून तिकीट काढावं असा, चार आणे म्हणजे पंख्याखाली झोपायला बरा.

मत देण्याचा पहिला मान धोंडूकाकांचा. ते आमच्यातले वयाने मोठे, जुने फिटर, आणि टॉकीजमध्ये कधीच न जाणारे. तरी मत ठाम. "गजूनं सांगितलेला चौदा आणे," ते म्हणायचे, "टॉकीजमधला जाऊन पाहाल तर दहाच निघंल. चार आणे याच्या तोंडाचे आहेत."

माझी आणि गजूची सुट्टी एकाच दिवशी यायची. म्हणजे सिनेमा दोघांनी पाहिलेला असायचा, निदान सगळे तसंच समजत. पहिल्या एकदोन वेळा मी सांगून पाहिलं. मी सगळं क्रमाने सांगितलं, कोण कोणाचा भाऊ, कोणतं गाणं कशानंतर, काही चुकवलं नाही. धोंडूकाकांनी पोळीचा तुकडा मोडला आणि म्हणाले, "नारायणा, सिनेमा सांगून राहिला का पंचनामा करून राहिला बाप्पा?" सगळे हसले. मीही हसलो. त्यानंतर सांगायचं काम गजूचं.

आणि तो काय सांगायचा! बसल्या जागेवरून उठायचा नाही. आवाज चढवायचा नाही. फक्त थांबायचा. नायिका दार उघडते म्हणायचा आणि थांबायचा... आणि आमच्यातला दुबेजी, पेंट शॉपमधला, म्हणजे रंगखात्यातला, धिप्पाड गडी, कळवळून म्हणायचा, "अब खोल भी दो भैया, खाना ठंडा हो रहा है!"

सकाळी आम्ही दोघं सायकलींवर बरोबर निघायचो. सुट्टीच्या दुसऱ्या दिवशी गजू घमापूरच्या चौकातच विचारायचा, "कसा होता रे? तुला काय वाटलं?" आणि मी सांगायचो. मला वाटायचं, दोघांनी पाहिलाय, तो माझं मत विचारून राहिला. मला त्याचा आनंदच व्हायचा. कडुनिंबाखाली मला कोणी विचारत नसे, पण गजू विचारायचा. सतपुल्याच्या पुलावर चढ लागला की तो मुद्दाम सायकल हळू करायचा. "थांब नं, घाई काहून करतो? तिच्या बापानं काय म्हटलं ते सांग." तिच्या बापाने काय म्हटलं हे त्याने स्वतः ऐकलं असणार, मग मला का विचारतो, हा प्रश्न मला पुष्कळ दिवस पडलाच नाही.

पडला तो माझ्याच चुकीमुळे. एकदा ओव्हरटाइमने इतका दमलो होतो की मॅटिनीत मधेच डोळा लागला. जाग आली तेव्हा नायकाचा हात गळ्यात बांधलेला. कसा मोडला कोण जाणे. दुसऱ्या दिवशी सायकलवर सांगताना मी तेवढा भाग अंदाजाने जोडला. विहिरीतून बादली काढताना दोर तुटला आणि पडला, म्हणालो. दुपारी कडुनिंबाखाली गजूने ती विहीर अशी उभी केली, दोराच्या एकेका धाग्याचं तुटणं असं सांगितलं की धोंडूकाकांनी घास खाली ठेवला. ती विहीर त्या सिनेमात नव्हती. ती माझी विहीर होती.

गजू सिनेमे पाहतच नव्हता. मी पाहायचो, मी सांगायचो, आणि तो माझे सिनेमे माझ्यासमोर सांगून लोकांच्या डब्यातले घास खायचा.

तेव्हाच त्याला बाजूला घेऊन विचारलं असतं तर पुढचं काही झालं नसतं. "काय रे, तू जात नाहीस का?" एवढंच. मी विचारलं नाही. मी गप्प राहण्यात तरबेज माणूस. आणि गप्प राहून पाहत राहिलं की हेवा कसा भरत जातो, हे ज्याला माहीत आहे त्यालाच माहीत आहे. त्यात घरी एक गोष्ट घडली. एका सुट्टीला मी बायकोला मॅटिनीला घेऊन गेलो. येताना फुहाऱ्याच्या चौकात चाटही खाल्ली. नंतर एकदा गजू घरी चहाला आला, तर ही स्वयंपाकघरातून पदर खोचत बाहेर आली आणि म्हणाली, "गजूभाऊजी, तो परवाचा सिनेमा सांगा नं." मी म्हटलं, "अगं, आपण पाहिला नं सोबत!" तर म्हणते, "पाहिला हो. पण भाऊजींनी सांगितला म्हणजे पाहिल्यासारखा वाटतो." गजू सांगत होता. ही चुलीवरचं दूध विसरून ऐकत होती. दूध उतू गेलं, ते मी जाऊन उतरवलं.

त्यानंतरचा सिनेमा रेल्वेच्या एका गार्डाचा होता. बाप गार्ड, पोरगा खिसेकापू. शेवटी बाप स्वतःच पोराला पोलिसांच्या हवाली करतो, बापाच्याच गाडीतून पोराला तुरुंगात नेतात आणि बाप हिरवा झेंडा दाखवतो. चांगला होता. खेळ सुटल्यावर गर्दीत मला दुबेजी दिसला. त्याचा साळा आला होता म्हणून त्याने त्या दिवशी रजा काढली होती, हे मला माहीत नव्हतं. तो बायकोचा हात धरून गर्दीतून वाट काढत होता. त्याने मला पाहिलं नाही. मी खांबाआड झालो. तेव्हा मनात काय होतं ते मला अजून सांगता येत नाही, पण खांबाआड झालो एवढं खरं.

दुसऱ्या दिवशी घमापूरच्या चौकात गजूने विचारलं, "कसा होता?" मी सांगितला. सगळा खरा सांगितला. शेवट तेवढा बदलला. म्हणालो, बाप पोराला सोडून देतो. पोलिसांपुढे आपले हात करतो, म्हणतो चोरी माझी आहे. त्याला गाडीत बसवतात आणि झेंडा पोराला दाखवावा लागतो. पुलाच्या चढावर सुचलं मला ते. विनासायास सुचलं. गजू सायकलवरून उतरला. चालत चालत म्हणाला, "वा रे... पोरगा झेंडा दाखवतो?" मी म्हटलं, "हो."

दुपारी त्याने सांगायला सुरुवात केली. दुबेजी समोरच मांडी घालून बसलेला, मिशीत हसत, पण नियम म्हणून गप्प. मी एकदा दुबेजीकडे पाहत होतो, एकदा गजूकडे. शेवट आला. गजूने बापाचे दोन हात पुढे केले, आपलेच, आणि थांबला. मग पोराच्या हातात झेंडा दिला. तो झेंडा आधी वर जाईना, मग गेला... धोंडूकाका उपरण्याने डोळे पुसत होते. दुसऱ्या शॉपमधले दोघंतिघं उभ्याने ऐकत होते, त्यांची नाकं लाल झालेली. शेवट माझा होता. रडले मात्र त्याच्यासाठी. सापळा मी लावला होता आणि त्यातही मलाच जळायला झालं.

"सोळा आणे," धोंडूकाका म्हणाले. "पुरे सोळा."

मग दुबेजीने तोंड उघडलं. "अरे गज्जू भैया, ये कौन-सी टॉकीज में देख आए? हम तो कल ही जोरू के साथ देखे हैं. बाप ने तो लौंडे को खुद पकड़वाया!" आणि असा हसला की कँटीनवाला डोकावला. सगळ्यांना आधी कळेना, मग कळलं, मग हसू फुटलं. त्यात वाईट काही नव्हतं, आमची टोळी तशी नव्हती. "म्हणजे तू पाहिलाच नाही का?" "आजवरचे बी सगळे असेच का?" "बाप्पा, आमचे घास परत कर!" मला नेहमीप्रमाणे कोणी काही विचारलं नाही. गजू हसत होता. त्याचे कान लाल झाले होते. त्याने माझ्याकडे एकदा पाहिलं. नारायणने सांगितलं, असं तो म्हणू शकत होता. म्हटलं नाही. म्हणाला, "पकडलं नं मला, चलो, गलती मान्य."

टोळीने शिक्षा ठरवली. पुढच्या सुट्टीला, दोघातिघांनी रजा टाकून, गजूला धरून सिनेमाला न्यायचं. दुबेजीने तर जाहीरच केलं, "टिकट हमारी तरफ से. भैया को असली सिनेमा दिखाएँगे!" गजूने चार कारणं सांगितली. आईचं औषध, सासरची माणसं, डोकं दुखतं, सायकल पंक्चर. कोणी ऐकलं नाही. त्या दिवशी टॉकीजच्या दारात तो माझ्या बाजूला उभा होता. हळूच म्हणाला, "नारायणा, तू सांग नं यांना काही." मला वाटलं, आता लाजून राहिला. मी म्हटलं, "चल नं, काहून घाबरतो? सिनेमाच तर आहे."

त्याला मिरगी होती, फेफऱ्याचा आजार. लहानपणापासून. उजेड-अंधार, उजेड-अंधार असं डोळ्यांपुढे झालं की यायची, एरवी फारशी नाही. घरच्यांना ठाऊक होतं, त्याच्या बायकोला, शोभावहिनींना, लग्नानंतर सांगितलं होतं. फॅक्टरीत त्याने कोणाला कळू दिलं नव्हतं, कारण मिरगीच्या माणसाला चालत्या मशीनवर कोण ठेवील? म्हणून तो टॉकीजमध्ये जात नसे. सुट्टीच्या दिवशी ग्वारीघाटावर जाऊन नर्मदेकडे पाहत बसायचा आणि संध्याकाळी सिनेमा पाहून आल्यासारखा गल्लीत शिरायचा. सिनेमा त्याला माझ्या तोंडूनच पाहता येत होता. दुसरा रस्ता नव्हता. हे मला त्या दुपारनंतर कळलं.

पडद्यावर एक घोडागाडी झाडांच्या रांगेतून पळत होती. झाड, ऊन, झाड, ऊन... गजू दोन खुर्च्यांच्या मधे पडला तेव्हा मला आधी वाटलं, ढोंग करतोय, निघायचं निमित्त. मग त्याच्या घशातला आवाज ऐकला. दुबेजीने त्याचं डोकं आपल्या मांडीवर घेतलं, कोणीतरी हुंगवायला चप्पल घेऊन धावलं, मॅनेजरने दिवे लावले. दिवे लागल्यावर मागचे लोक ओरडायला लागले, सिनेमा लावा म्हणून.

दुसऱ्या दिवशी दुबेजी बिचारा काळजीने फोरमनकडे गेला. साहेब, हमारे भैया को डॉक्टर को दिखवा दो. त्याला वाटलं, भलं करतोय. डॉक्टरांनी तपासलं आणि गजूला लेथवरून काढलं. तेही बरोबरच. कोणाचं चुकलं नाही त्यात. त्याला टूल रूमच्या खिडकीवर बसवलं. तिथे माणसं येत, आपला पितळी बिल्ला देत, हत्यार घेऊन जात. गजू बिल्ला खिळ्याला अडकवी आणि हत्यार परत आलं की काढून देई. ओव्हरटाइम गेला, बढतीची रांग गेली. पुढे मी इन्स्पेक्शनमध्ये वर चढत गेलो. तो त्या खिडकीतच राहिला. कडुनिंबाखाली कोणीतरी ट्रान्झिस्टर आणला आणि सगळे लढाईच्या बातम्या ऐकू लागले. सिनेमा सांगायची पद्धत आपोआप मोडली.

गेज घ्यायला मला त्या खिडकीवर रोज जावं लागे. पहिल्याच आठवड्यात त्याने माझा बिल्ला घेत विचारलं, "काल गेलता का? कसा होता?" जणू काहीच झालं नव्हतं. मी म्हणालो, "ठीक होता." आणि गेज घेऊन निघालो. पुढच्या आठवड्यातही तेच. तो विचारायचा, मी म्हणायचो, ठीक होता, बरा होता, गाणी चांगली आहेत. तोंड उघडलं की तो पुलाचा चढ समोर यायचा. अशी वर्षं गेली. सिनेमे रंगीत झाले, आमच्या डोक्यावरचे केस गेले, गजूने विचारणं सोडलं नाही. ज्याला टॉकीजचं दार बंद होतं त्याच्यासाठी मी उरलंसुरलं दारही लावून घेतलं होतं.

एकदाच त्याने तो विषय काढला. दुपार होती, खिडकीवर कोणी नव्हतं. माझ्या हातात गेज देता देता म्हणाला, "नारायणा, तुला मालात केसभर फरक चालत नाही. अन् त्या गार्डाचा शेवट एवढा कसा चुकला रे?" आवाजात राग नव्हता. तो हसत होता आणि थांबला होता, कडुनिंबाखाली थांबायचा तसाच. मला जागा करून दिली होती त्याने. मी म्हणालो, "होते कधी गलती." त्याने मान हलवली. "होते, होते," म्हणाला. मग माझा बिल्ला खिळ्याला अडकवता अडकवता, "पण शेवट असाच पाहिजे होता. त्या सिनेमावाल्यांना सुचला नाही."

तेराव्याला जेवणं झाल्यावर शोभावहिनी माझ्यापाशी येऊन बसल्या. म्हणाल्या, "भाऊजी, पेपरच्या पुरवणीत यांच्यावर तुम्हीच लिहा. तुमच्याएवढं कोण ओळखतं यांना?" मी होकार दिला. मग त्या म्हणाल्या, "तो गार्डाचा सिनेमा जरूर लिहा. यांनी आपल्या मनाने शेवट बनवला होता, पोरगा झेंडा दाखवतो तो. दुबेजी मघाशी सांगून राहिले होते, असली शेवटापेक्षा तोच छान होता म्हणे. नातवाला मी तोच सांगते." म्हणजे घरीही गजूने माझं नाव घेतलं नव्हतं. मी मान खाली घातली आणि तरीही... तरीही माझ्या मनात पहिला शब्द उठला तो 'माझा' असा. तो शेवट माझा आहे, वहिनी. मेलेल्या मित्राच्या घरी, त्याच्या बायकोसमोर, मला त्याच्या हातून तेवढंही काढून घ्यायचं होतं. म्हणून हे लिहायला मला इतके आठवडे लागले. खरं सांगावं तर तो शेवट त्याच्याकडून चोरल्यासारखं दिसतं, न सांगावं तर माझी जुनी चोरी लपून राहते.

आता शनिवारी टीव्हीवर सिनेमा लागतो. मी एकटा पाहतो, बायको झोपून जाते. मधेच लक्षात येतं की आपले ओठ हलतायत. कोण कोणाचा भाऊ, तिच्या बापाने काय म्हटलं. पुढे थांबायची जागा येते तिथे मी थांबतोही. मला ते जमत नाही, गजूसारखं नाहीच जमत. तरी थांबतो. पलीकडून कोणी "मग?" म्हणत नाही.

गजूचं देणं आता देता येणार नाही. ते गेलं. पण शोभावहिनींचं बाकी आहे. हा अंक त्यांच्या घरी पोचायच्या आत मला जाऊन त्यांना समोरासमोर सांगायचं आहे की गजू चुकला नव्हता, खोटा शेवट मी त्याला जाणूनबुजून दिला होता, आणि त्याने ते ओळखून माझं नाव शेवटपर्यंत घेतलं नाही. हे मी अजून सांगितलेलं नाही.